रेशन, अंगणवाडी, शाळेचा आहार : सोलापुरातल्या कष्टकरी बापांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागावर, हमालीला, रिक्षावर किंवा गवंड्याच्या हाताखाली काम करून घर चालवणाऱ्या बापांना डोळ्यांपुढे ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. सोलापुरात अनेक घरांत आई विड्या वळते, बाप कारखान्यात जातो, आणि रेशनच्या कागदांसाठी खाडा करणे दोघांनाही परवडत नाही. म्हणून कागद कोणते, किलो किती आणि काम अडते कुठे, हे शक्य तितके नेमके सांगितले आहे.

आज घरात शिजवायला काहीच नाही. पहिल्यांदा कुठे जाऊ?

कार्ड असेल तर आधी रेशन दुकानात जाऊन या महिन्याचे धान्य उचलायचे राहिले आहे का, ते पॉस मशीनवर (दुकानातल्या अंगठा लावायच्या यंत्रावर) बघायला सांगा. कामाच्या गडबडीत महिना उलटत आलेला असतो आणि आपल्या हक्काचे धान्य दुकानातच पडून असते. नेहमीच्या दुकानात साठा नसेल तर त्याच कार्डावर दुसऱ्या दुकानातून घेता येते. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

शिजवलेले जेवण हवे असेल तर शिवभोजन केंद्र. २६ जानेवारी २०२० पासून ही योजना सुरू आहे. थाळी १० रुपयांची. तीत प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असते. त्यासाठी कार्ड लागत नाही, नाव सांगावे लागते आणि फोटो काढतात. जेवण फक्त दुपारचे, थाळ्यांची संख्या ठरलेली, त्यामुळे उशिरा गेलात तर संपलेली असते. काही केंद्रे मध्येच बंद पडतात. मुलांना घेऊन निघण्यापूर्वी केंद्र चालू आहे का, याची चौकशी करा.

अक्कलकोटच्या आसपास असाल तर तिथल्या श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळात दुपारी आणि रात्री महाप्रसाद विनामूल्य मिळतो. पण सोलापुरातून एसटीने जाण्यायेण्यात पैसे मोडतात, म्हणून रोजचा मार्ग म्हणून तो धरू नका.

सहा वर्षांखालचे मूल असेल तर उद्या सकाळी अंगणवाडी गाठा. तिथे कार्ड लागत नाही.

आमचे कार्ड केशरी आहे, शेजाऱ्याचेही केशरीच. त्याला धान्य मिळते, आम्हाला नाही. असे का?

कारण धान्य कार्डाच्या रंगावर नाही, यादीतल्या नोंदीवर मिळते. सगळ्यात जास्त हेलपाटे याच एका गैरसमजापायी होतात.

राज्यात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डे आहेत. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळे, केशरी १५,००१ ते १ लाख, पांढरे त्यावर. पुढे राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ आला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून महाराष्ट्रात लागू झाला. त्यात दोनच गट आहेत : अंत्योदय (सर्वांत गरीब घरे) आणि प्राधान्य कुटुंब. केशरी कार्डवाल्यांपैकी शहरात वार्षिक ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना प्राधान्य गटात घेतले गेले. शेजारी त्या यादीत आहे, तुम्ही नाही, एवढाच फरक.

आपली नोंद बघायची तर कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक हाताशी ठेवा. मोबाइलवर ‘मेरा राशन’ ॲपमध्ये योजना, सदस्यांची नावे आणि आधार जोडले आहे की नाही, हे सगळे दिसते. मोबाइल नसेल तर दुकानदाराच्या पॉस मशीनवरही कळते. जुन्या कार्डावर १२ अंकी क्रमांक लिहिलेलाच नसेल तर तो आधी पुरवठा कार्यालयातून लिहून घ्या. त्यावाचून पुढचे काम हलत नाही.

प्राधान्य गटात जायचे तर काय करावे?

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, घरातल्या सगळ्यांचे आधार, मूळ कार्ड आणि अर्ज. दाखला सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढता येतो.

५९,०००ची मर्यादा म्हणजे महिन्याला ४,९१६ रुपये. आजच्या मजुरीपुढे ती फारच तोकडी आहे, आणि उत्पन्न नवरा-बायको दोघांचे मिळून धरतात, विड्यांची मजुरीसुद्धा. तरीही खोटा आकडा लिहू नका. पडताळणीत उघडे पडले तर कार्ड रद्द होते आणि उचललेल्या धान्याची वसुली निघू शकते. उलट बाजूने होणारी चूकही मोठी आहे : चांगल्या आठवड्याची मजुरी घेऊन तिला ५२ने गुणले जाते. मंदीत माग बंद राहिले, सुताअभावी खाडे पडले, आजारपणात घरी बसलात, ते आठवडे वजा करून वर्षभरात हातात खरोखर किती आले तेवढेच सांगा.

कागद पूर्ण असूनही ‘इष्टांक शिल्लक नाही’ असे उत्तर मिळू शकते. जिल्ह्याला किती माणसांचे धान्य, ही संख्या ठरलेली असते. ती भरली की नवी नावे थांबतात. मयत, स्थलांतरित आणि अपात्र नावे निघाली की जागा होते. म्हणून तोंडी नकार घेऊन परत फिरू नका. अर्ज आवक शिक्क्यासह द्या, तारखेची पोच घ्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याच पोचेवर विचारत राहा. पोच नसलेल्या अर्जाचा मागमूस राहत नाही.

असंघटित कामगार असाल तर ई-श्रमवर, म्हणजे अशा कामगारांच्या सरकारी ऑनलाइन यादीत, नोंदणी करून ठेवा. ई-श्रमवर नोंद असूनही ज्यांना कार्ड नाही, त्यांना रेशनकार्ड देण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दिले आहेत. अर्जात ई-श्रम क्रमांक लिहिला तर त्या आदेशाकडे बोट दाखवता येते.

किती धान्य मिळायला हवे? पैसे किती?

प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कुटुंबाला मिळून ३५ किलो. दोन्ही मोफत. १ जानेवारी २०२३ पासून पैसे घेणे बंद झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे धान्य मोफत ठेवण्याचा निर्णय झाला आहे. अंत्योदय कार्डावर महिन्याला १ किलो साखर २० रुपयांत असते. तेवढेच पैसे द्यायचे, तेही साखर आलेली असेल तर.

गहू किती आणि तांदूळ किती, हे शासन अधूनमधून बदलते, कधी गव्हाच्या हिश्श्यात ज्वारी येते. ती वाटणी बदलली तरी एकूण किलो बदलत नाहीत. पाच माणसांच्या प्राधान्य घराला पिशवीत २५ किलो भरलेच पाहिजे.

अंत्योदय नेहमीच जास्त फायद्याचे असते असेही नाही. सात माणसांपर्यंत ते ठीक. आठ माणसांच्या घराला प्राधान्यमध्ये ४० किलो मिळाले असते, अंत्योदयमध्ये ३५च.

माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. कष्टाचे काम करणाऱ्याला एवढ्यावर भागत नाही, आणि डाळ-तेल तर यात नाहीच. म्हणून लहान मुलांच्या घराने अंगणवाडी आणि शाळेचा आहार सोडू नये. घराची खरी भर तिथूनच पडते.

बायको वारली. कार्डावर कुटुंबप्रमुख तीच होती. आता आमचे धान्य बंद होईल का?

नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख असते, हे खरे. पण त्याच कलमात पुढे असेही आहे की घरात सज्ञान स्त्री नसेल तर सर्वांत मोठा पुरुष प्रमुख राहील, आणि घरातली मुलगी १८ वर्षांची झाली की ती प्रमुख होईल. ‘बाईशिवाय कार्ड निघत नाही’ असे कोणी म्हणाले तर हे कलम सांगा.

मृत्यू दाखला घेऊन तिचे नाव कमी करण्याचा अर्ज द्या, तो नमुना ९. त्याच वेळी प्रमुख बदलण्याचाही द्या. हे काम लांबवू नका. मयताच्या नावावर उचललेले धान्य पडताळणीत निघाले की अख्ख्या कार्डावर प्रश्न येतो.

शिवाय मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना आहे. एकच पालक उरलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत महिना २,२५० रुपये मिळतात. ही योजना विधवांपुरतीच आहे असे समजून अनेक बाप अर्जच करत नाहीत. तो पालक बाप असला तरी मूल पात्र असते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची. मृत्यू दाखला, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि मुलाच्या नावाचे बँक खाते तयार ठेवा. खाते आधी उघडा, कारण मंजुरीनंतर पैसे अडतात ते बहुधा खात्यापाशी.

बायको मुलांना घेऊन माहेरी गेली आहे. धान्य कोणाचे?

ज्याच्या त्याच्या वाट्याचे ज्याचे त्याचे. एकाच कार्डावर दोन ठिकाणी थोडे थोडे धान्य उचलता येते. तुमच्या वाट्याचे ५ किलो तुम्ही इथे घ्या, तिचे आणि मुलांचे ती तिथल्या दुकानातून अंगठा देऊन घेईल. रागाच्या भरात नावे कमी करायला जाऊ नका. मुले पुन्हा चढवताना इष्टांकाचा अडसर येतो आणि तोवर त्यांचेच धान्य बुडते.

नवीन कार्डाचा अर्ज कुठे द्यायचा?

सोलापूर शहर हद्दीत अन्नधान्य वितरण अधिकाऱ्यांच्या हाताखालची परिमंडळ कार्यालये, ग्रामीण भागात त्या त्या तहसीलची पुरवठा शाखा. राज्याच्या अन्न पुरवठा विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइनही भरता येतो.

हद्दीचा घोळ सोलापुरात फार होतो. कुंभारीच्या विडी कामगार घरकुलात किंवा रे नगरमध्ये राहायला गेलेल्यांचा कामधंदा शहरात असतो, पण कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येते. नवा पत्ता तिथला असेल तर अर्ज दक्षिण सोलापूर तहसीलला. शहरातल्या कार्यालयात दिवस घालवून ‘ही आमची हद्द नाही’ एवढेच ऐकून परत यावे लागते. जुने शहरातले कार्ड आहे तसे ठेवून कुंभारीच्या दुकानातून धान्य उचलणेही चालते, त्यामुळे पत्ता बदलेपर्यंत उपाशी राहण्याचे कारण नाही.

नव्या कार्डाला नमुना १, नाव चढवायला नमुना ८, कमी करायला ९, कार्डात बदलाला १४, हरवलेल्या कार्डाच्या दुसऱ्या प्रतीला १५. एकत्र कुटुंबातून वेगळे निघत असाल तर आधी वडिलांच्या किंवा भावाच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घ्या. एक आधार दोन कार्डांवर चालत नाही, संगणक अर्ज तिथेच परत फिरवतो. भाड्याच्या घराला वीजबिल आणि घरमालकाचे संमतीपत्र जोडा.

बाळ झाले. त्याचे नाव कधी चढवू?

जन्मदाखला हातात आला की लगेच. बाळालाही ५ किलोच, पूर्ण माणसाइतके. वर्षभर उशीर म्हणजे ६० किलो धान्य गेले. आधी बाल आधार काढा. पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत, ते आई किंवा बापाच्या आधारला जोडून निघते. जन्मदाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षरन् अक्षर सारखे ठेवा. तेलुगू, कन्नड, उर्दू नावे मराठीत आणि इंग्रजीत वेगवेगळी लिहिली जातात आणि अर्ज त्यावरच अडकतो.

मशीन अंगठा घेत नाही. दुकानदार म्हणतो, पुन्हा या.

विड्या वळणाऱ्या, रंगाईच्या कामाच्या, विटा-सिमेंट उचलणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. दोष तुमचा नाही, आणि धान्य नाकारायला ते कारण पुरत नाही. हात धुऊन कोरडे करा, थोडे तेल चोळून पुसा, मग दहाही बोटे करून बघा. कार्डातल्या दुसऱ्या कोणाही सदस्याचा अंगठा चालतो. नव्या मशीनला डोळ्यांवरून ओळख पटवण्याची सोय आहे. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवरही होते. यातले काहीच जमेना तर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने द्या. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी मुलांचे ठसे नव्याने द्यावेच लागतात. ते राहिले तर मुलाचा अंगठा कधीच जुळत नाही.

ई-केवायसी केली नाही तर?

ई-केवायसी म्हणजे आधारवरून ओळख पटवणे. ती राहिली तर त्या सदस्याचे धान्य थांबू शकते. घरातल्या प्रत्येकाने करायची, फक्त प्रमुखाने नाही. कोणत्याही रेशन दुकानात अंगठ्यावर फुकट होते. बाहेरगावी असलेल्याने ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर चेहरा दाखवून करावी, दुकानात परत येण्याची गरज नाही. सलग सहा महिने धान्य न उचललेले कार्डही निष्क्रिय होऊ शकते. तांदूळ नको म्हणून उचलणे बंद केलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावे.

ऊसतोडीला, बांधकामाला महिनोन्‌महिने बाहेर असतो. कार्ड गावात आहे.

बरोबर कार्डाचा क्रमांक आणि आधार एवढेच न्या. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत राज्यातल्या कोणत्याही दुकानातून, कर्नाटकात गेलात तर तिथूनही, तुमचे धान्य मिळते. दुकानदाराने ‘बाहेरचे कार्ड आहे’ म्हणून परत पाठवले तर १४४४५ वर फोन लावा. फक्त एक ठरवून घ्या : घरी म्हातारे आईवडील असतील तर त्यांच्या वाट्याचे गावात सोडायचे. बाहेर सगळे एकदम उचलले की त्या महिन्यात गावातल्यांना काही उरत नाही.

रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात, ते काढून टाकावेत का?

टाकू नका. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून दाण्याच्या आकारात बनवलेले ते दाणे असतात, शंभरात एक या प्रमाणात, म्हणजे किलोमागे १० ग्रॅम. रंग किंचित वेगळा असतो, काही पाण्यावर तरंगतात, म्हणून संशय येतो. निवडून टाकलेत तर मुलांच्या आणि बाळंतिणीच्या अंगी लागायचे तेच टाकता. फार चोळून धुऊ नका आणि पेज ओतून देऊ नका. घरात कोणाला थॅलेसिमिया किंवा सिकलसेल असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

भाकरीवर वाढलेल्या घरांत तांदूळ उरतो आणि दारात विकत घेणारेही येतात. रेशनचे धान्य विकणे बेकायदा आहे, शिवाय मिळणारा भाव अगदीच किरकोळ असतो. थोडी ज्वारी मिसळून दळून आणलेत तर भाकरीही होते.

अंगणवाडीतून काय मिळते? बापाने गेले तर चालते का?

चालते, जाच. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत गरम आहार. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईलाही आहार मिळतो. कायद्यात मुलासाठी दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, आईसाठी ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने ठरवलेली आहेत. उत्पन्नाची अट नाही, कार्डाच्या रंगाची नाही. नोंदीसाठी आधार लागते आणि घरी न्यायचा आहार देताना मोबाइलवर चेहरा पडताळतात. आई सकाळीच विडी कारखान्यात माल द्यायला जात असेल तर आहार कोण नेणार, ते नोंदणीच्या वेळीच सेविकेला सांगा. घरी न्यायचा आहार त्या मुलाचा आहे. सगळ्या घराने वाटून खाल्ला की मुलाचे वजन तिथेच राहते.

मूल सुकत चालले असेल तर दंडाचा घेर मोजायला सांगा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत भरला तर ते तीव्र कुपोषण आहे आणि नुसत्या खाऊने भागत नाही. सेविकेकडून चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय म्हणजे आपले सिव्हिल, तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. दोन्ही पायांना सूज असेल तर घेर कितीही असो, थांबू नका.

शाळेत जेवण नीट मिळत नसेल तर?

पहिली ते आठवी, शासकीय, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत दुपारचे जेवण हा हक्क आहे. पाचवीपर्यंत रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवी १५० ग्रॅम. जेवण दिले गेले नाही तर त्या दिवसांचा अन्न सुरक्षा भत्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत देण्याचा नियम आहे. मुलाला विचारून तारखा वहीत लिहा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या. शाळेच्या व्यवस्थापन समितीत बहुतेक पालकच असतात, तिथे हा विषय मांडता येतो. विनाअनुदानित शाळेत ही सोय नसते. मुलाचे नाव घालताना फीबरोबर हाही हिशेब करा.

घरात टीबीचा रुग्ण आहे.

उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिना १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात येतात. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. टीबी युनिटमध्ये खाते क्रमांक आणि आधार दिले आहेत ना, ते बघा. निक्षय मित्रांकडून (टीबीच्या रुग्णांना मदत करणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांकडून) पोषण किट मिळण्यासाठी तिथेच नाव द्या. खासगी डॉक्टरकडे उपचार असले तरी नोंदणी झालेली असली की पैसे मिळतात.

दुकानदार कमी देतो, पावती देत नाही, कार्ड ठेवून घेतो.

कार्ड ठेवून घेण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. पावती मागा, तिच्यावरचे किलो आणि पिशवीतले किलो दुसऱ्या काट्यावर ताडून बघा. अंगठा लावण्यापूर्वी मशीनवरचा आकडा वाचा, कारण अंगठा लागला की कागदोपत्री धान्य तुम्ही घेतलेले असते.

तक्रार १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर. फोनवर तक्रार क्रमांक मागून घ्या, त्यावाचून पाठपुरावा होत नाही. मग परिमंडळ अधिकारी किंवा तहसीलदार, त्यांच्यावर जिल्हा पुरवठा अधिकारी. तिथेही दाद लागली नाही तर कायद्याने नेमलेला जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि शेवटी राज्य अन्न आयोग. अर्जात कार्डाचा १२ अंकी क्रमांक, दुकान क्रमांक, तारीख, किती मिळायला हवे होते आणि किती मिळाले, एवढेच लिहा. सगळ्या गल्लीची तक्रार एकच असेल तर पंचवीस सह्यांच्या एका अर्जापेक्षा प्रत्येकाने आपापल्या पावतीसह वेगळा अर्ज द्यावा. त्याला वजन येते.

केशरी कार्डावर खात्यात पैसे येतात म्हणे. आम्हाला का नाही?

ती योजना शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांसाठी आहे. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभाग आणि वर्धा, एवढेच त्यात येतात. सोलापूर जिल्हा नाही. त्यासाठी कोणी फॉर्मचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

सणाला ‘आनंदाचा शिधा’ मिळणार का?

शासनाने त्या त्या वेळी जाहीर केला तरच. २०२२च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा तो सुरू झाला, पण महिन्याच्या धान्यासारखा तो कायद्याने बांधलेला नाही. त्याच्या भरवशावर दिवाळीचे सामान आणायचे थांबू नका.